वरच्या सभागृहातले हेडमास्तर

किस्से काय, कोणी मुद्दाम साठवत नाही हो. जुन्या कोटाच्या खिशात हात घातला की बडीशेपेचे दाणे निघतात ना? कधीचे, कुठल्या हॉटेलातले, काही आठवत नाही. तसंच हे. सहा वर्षं मी आमच्या आबाबरोबर मुंबई-नागपूरच्या वाऱ्या केल्या. आता आमच्या धुळ्याच्या देवपुरात चहाच्या टपरीवर बसलो की कोणीतरी म्हणतंच, "नाना, ते घंटीचं सांगा ना!" मी म्हणतो, काल तर सांगितलं. तर म्हणतात, "काल वेगळं सांगितलं होतं!" म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं.

आबा म्हणजे वामन हेडमास्तर. सहावीपर्यंत आम्ही एका बाकावर. मग तो सातवीत गेला आणि मी सहावीतच थांबलो, नवीन पोरांना कोणीतरी ओळखीचं पाहिजे म्हणून! पुढे मी सायकलचं दुकान टाकलं, तो मास्तर झाला, हेडमास्तर झाला, रिटायर झाला. आणि रिटायर होऊन आरामात लसूण सोलत बसलेला असताना एक दिवस पक्षाची माणसं आली. विधान परिषदेच्या जागेवरून दोन गटांत भांडण लागलेलं. कोणाचंच नाव ठरेना. तेव्हा ज्याच्यावर कोणाचाच राग नाही असा माणूस शोधत शोधत ते धुळ्यात पोचले. राग धरण्यासारखं आबानं काही केलंच नव्हतं. झाला आमदार!

निवडून आल्याच्या दिवशी पहिला फोन अक्काचा. अक्का आबाची थोरली बहीण, शिंदखेडा तालुक्यात एका नाल्यापलीकडे राहते. नाल्यावर ओलांडायला नुसती बसकी सिमेंटची फरशी. पावसाळ्यात फरशी पाण्याखाली आणि गाव पलीकडे अडकलेलं. राखी पौर्णिमा नेमकी त्याच दिवसांत. त्यामुळे कित्येक वर्षं अक्काची राखी पोस्टानं यायची. पोस्टमन आबाला राखी द्यायचा आणि आबा स्वतःच स्वतःच्या हाताला बांधायचा, दातात दोरा धरून.

अक्का फोनवर म्हणाली, "भाऊ, माले पेढा नको. नालावर पूल दे. मराना आगोदर एक राखी तरी माले तुना हातले बांधू दे."

आबा म्हणाला, "अक्का, हाई काय मोठं काम शे?"

बस. या एका वाक्यापायी सहा वर्षं गेली!

* * *

आता घंटीचं.

पहिलंच अधिवेशन. दुपारी जेवणं झाल्यावर सभागृहात माणसं पातळ झाली. विरोधी बाकांवरून कोणीतरी उठून म्हणालं, गणपूर्ती नाही. म्हणजे कामकाज चालवायला लागतात तेवढी डोकी हजर नाहीत. असं झालं की मोठी घंटी वाजवतात. ती ऐकून कँटीनमधले, व्हरांड्यातले सगळे सभासद आत पळत येतात.

घंटी वाजली. सगळे आत पळाले. आणि आमचा आबा चष्मा डबीत ठेवून, पिशवी काखोटीला मारून शांतपणे बाहेर आला!

मी गॅलरीतून धावत खाली. "वामन्या, कुठं चाललास?"

"सुटली ना?"

चाळीस वर्षं त्या आवाजावर उठलेला माणूस. आत मोजणी झाली तर एक डोकं कमी. सभागृह तहकूब!

दुसऱ्या दिवशी पेपरात मोठी बातमी : 'खान्देशच्या ज्येष्ठ आमदाराचा सरकारच्या निषेधार्थ सभात्याग.' पक्षाच्या वरच्या लोकांची झोप उडाली. तीन फोन आले. "गुरुजी, नाराज आहात का?"

कारण आबा सरकारी पक्षाचा होता!

* * *

पहिलं भाषण झालं ते शिक्षणावर. लिहून देणार मोरेताई. मोरेताई म्हणजे आबाच्याच शाळेतली रिटायर झालेली क्लार्क. विहारात दर रविवारी घटनेचा वर्ग घेते. घटनेचं पुस्तक लोक कपाटात ठेवतात, ही बाई वाचते. आमदार झाल्यावर आबानं दुसरं काही मागितलं नाही, मोरेताईला पीए म्हणून नेलं. नियमांचं जाडजूड पुस्तक ताईनं पंधरा दिवसांत पाठ केलं. माझं काम काय? डबा धरणं आणि काड्या करणं.

तर भाषण चालू. आबा मध्येच थांबला. मला वाटलं, कागद हरवला. पण नाही. समोरच्या रांगेत एक वजनदार सभासद मान टाकून झोपलेले. आबा त्यांच्याकडे बघत उभा. काही बोलेना, हलेना. सगळं सभागृह हळूहळू गप्प झालं. सभापतीही बघायला लागले. पंखा फिरल्याचा आवाज येत होता, एवढी शांतता.

त्या शांततेनंच ते सभासद जागे झाले. डोळे उघडले तर समोर धोतर, टोपी आणि ती नजर. गृहस्थ ताडकन उभे राहिले आणि हात मागे बांधून म्हणाले, "चुकलो, सर!"

आबा म्हणाला, "बसा." आणि पुढचा पॅरा वाचायला लागला.

* * *

पुलासाठी मोरेताईनं तारांकित प्रश्न टाकला. तारांकित म्हणजे मंत्र्यानं उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं. त्याची एक ठरलेली भाषा असते. आपण विचारायचं, "हे खरे आहे काय, की अमुक गावाजवळच्या नाल्यावर पूल नसल्याने ग्रामस्थांची गैरसोय होते?" त्यावर सरकार लिहिणार, "हे खरे नाही", नाहीतर "अंशतः खरे आहे", नाहीतर "प्रश्न उद्भवत नाही". चौथं उत्तर मी सहा वर्षांत बघितलं नाही!

पण तोंडी उत्तराची वेळच यायची नाही. आमचा नंबर यादीत कायम तिशीत. प्रश्नांचा तास एकच. सहाव्या-सातव्या प्रश्नावर हमरीतुमरी व्हायची आणि तास संपायचा. उरलेल्यांची उत्तरं छापील मिळायची. आम्हाला मिळालं : 'अंशतः खरे आहे.'

तो कागद घेऊन आम्ही अक्काकडे गेलो. उन्हाळा होता म्हणून जाता आलं. अक्कानं विचारलं, "अंशतः म्हंजे काय रे, नाना?"

मी म्हटलं, "अक्का, म्हणजे नाला खरा शे, पण पाणी खोटं शे."

तेव्हापासून अक्कानं त्या भाषेचा सपाटाच लावला. पुढच्या महिन्यात महसूल खात्याचे सर्कल साहेब पाहणीला आले. ओट्यावर बसून म्हणाले, "अक्का, चहा मिळेल का?"

अक्का म्हणाली, "दूध नही, हाई अंशतः खरं शे. साखर नही, हाई खरं शे. चहाना प्रश्न उद्भवत नही!"

* * *

मग मोरेताईनं दुसरा रस्ता काढला. औचित्याचा मुद्दा. त्यात सभासदाला दोन मिनिटं मिळतात. तातडीचं असेल ते चटकन सांगायचं आणि बसायचं.

ताईनं आबाला बजावलं, "सर, दोनच मिनिटं. सरळ पुलावर या."

आबा उभा राहिला. पण झेंडावंदनाची भाषणं करून तयार झालेला गळा तो! "सन्माननीय सभापती महोदय, व्यासपीठावर... क्षमा करा, सभागृहात उपस्थित सन्माननीय मंत्रिमहोदय, सन्माननीय विरोधी पक्षनेते, दोन्ही बाजूंचे सन्माननीय सदस्य, सदस्या, सचिव, प्रतिवेदक, गॅलरीतील बंधू-भगिनी..." मी वरून हातानं खुणा करतोय, आवर, आवर! आबानं त्या खुणांचाही उल्लेख करून मला नमस्कार केला.

सभापतींनी घंटी मारली. "वेळ संपली, गुरुजी."

आबा घाईघाईनं म्हणाला, "पूल!" आणि खाली बसला.

मंत्री उठून म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी अतिशय महत्त्वाचा मुद्दा मांडला आहे. तपासून पाहू."

* * *

प्रत्येक भाषणाची शब्दशः टिपणं घेतात आणि दुरुस्तीसाठी सभासदाकडे पाठवतात. काना-मात्रा बघून सही करायची, परत द्यायची. पहिल्यांदा ते कागद आले तसा आबा खुलला. लाल पेन काढलं. आपलं भाषण तपासलं. खाली बांधकाम मंत्र्यांचं उत्तर होतं, तेही तपासलं! 'वाक्य अपूर्ण.' 'कर्ता कोण?' 'येथे उत्तर अपेक्षित होते.' शेवटी गोल करून मार्क दिले, शंभरपैकी पस्तीस. शेरा : 'विषयांतर टाळा. पुन्हा लिहून आणा.' आणि सवयीनं खाली : 'पालकांची सही.'

मी म्हटलं, "वामन्या, हे परत पाठवू नको."

त्यानं पाठवलं.

दोन दिवसांनी खुद्द मंत्र्यांचा फोन. आवाज जरा खाली. "गुरुजी, पस्तीस म्हणजे पास ना?"

"काठावर," आबा म्हणाला. "पुलाचं उत्तर आलं की वाढवीन."

* * *

नागपूरचं हिवाळी अधिवेशन म्हणजे आमची भरताची वेळ. मी जळगावहून हिरवी, भरताची वांगी पोत्यानं नेली. आता आमचं भरीत गॅसवर होत नाही. वांगी भाजायला कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पाहिजेत. त्याही नेल्या, जीपच्या टपावर बांधून. रविवारी दुपारी आमदार निवासाच्या मागच्या अंगणात मी जाळ लावला. पऱ्हाट्या जरा ओल्या होत्या. धूर असा झाला, असा झाला, की पाचव्या मजल्यावरच्या कोणीतरी अग्निशामक दलाला फोन केला.

बंब आला. माणसं पाइप घेऊन धावली. त्यांचा साहेब ओरडला, "आग कुठंय?"

मी म्हटलं, "बसा. अजून दहा वांगी व्हायची आहेत."

बसले! पुरी, भरीत, कांद्याची पात. वास वरपर्यंत गेला. सरकारी पक्षाचे आले, विरोधी आले, अपक्ष तर पहिल्या पंगतीला होते. सहा वर्षांत मी दोन्ही बाजूंचं एकमत तेवढं एकदाच पाहिलं. बांधकाम मंत्रीही आले. तीनदा वाढून घेतलं. हात धुता धुता म्हणाले, "गुरुजी, तुमचा पूल झालाच म्हणून समजा."

ते गेल्यावर मी आबाला टाळी द्यायला हात पुढे केला. आबानं घेतली नाही.

"नाना, चाळीस वर्षं मी फळ्यावर 'समजा' लिहून गणितं सोडवली. शेवटी तो क्ष बहुतेक वेळा शून्यच निघाला."

आणि खरंच. अधिवेशन संपलं, वांगी पचली, पुलाचं काम जागच्या जागी.

* * *

आता सगळ्यांच्या खोड्या सांगितल्या, तर माझी फजितीही सांगितली पाहिजे.

आबा अर्थसंकल्पावर बोलणार होता. मला गॅलरीत कंटाळा आला. मी चिठ्ठी लिहिली, 'तातडीचे' असं वर घातलं आणि शिपायाच्या हातून आत पाठवली. चिठ्ठीत एवढंच : 'आबा, तुझ्या पँटची चेन उघडी आहे.'

मला वाटलं, आबा दचकेल, खाली बघेल, मी हसेन. आबा बोलायला उभा राहिला तेव्हाच चिठ्ठी पोचली. त्यानं चष्मा लावला. वाचली. घडी घातली. मग माइकमध्ये, अख्ख्या सभागृहासमोर म्हणाला, "सभापती महोदय, गॅलरीत चौकटीचा शर्ट घातलेला एक इसम बसला आहे. त्याला बाहेर काढावं. धोतराला चेन नसते, हे त्याला सहावीपासून सांगतोय."

हशा म्हणजे काय! सभापती हसत हसत म्हणाले, "हे कामकाजातून काढून टाकावं." धोतर काढायचं की मला, यावर दोघा मार्शलांनी एकमेकांकडे बघितलं आणि मला काढलं!

पुढच्या पासासाठी मला मोरेताईला लिहून द्यावं लागलं : 'मी सभागृहात चिठ्ठी पाठवणार नाही.' ताईनं तारीख घालून फाइलला लावलं.

* * *

असं करता करता सहावं वर्ष लागलं. त्या वर्षीही राखी पोस्टानंच आली. पाकिटात राखी, कुंकवाची पुडी आणि अक्कानं कोणाकडून तरी लिहून घेतलेल्या दोन ओळी : 'भाऊ, नालाले पाणी शे. मी बी शे. दोन्हीमा आगोदर कोण आटस, ते दखूत.'

आबानं ते वाचलं आणि पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. मी दोन विनोद करून पाहिले. हसला नाही. दोरा बांधायला मी हात पुढे केला, तर म्हणाला, "राहू दे, सवय आहे."

शेवटचं अधिवेशन. मोरेताईनं पुन्हा प्रश्न टाकला. नंबर आला एकेचाळीस! ताईनं पहिल्यांदाच नियमांचं पुस्तक टेबलावर जरा जोरात ठेवलं. "सर, आता काही राहिलं नाही. उद्या तुमचा निरोप."

मुदत संपणाऱ्या सभासदांना सभागृह निरोप देतं. तो दिवस वेगळाच. त्या दिवशी वेळेची घंटी नाही. मध्ये कोणी उठत नाही, बोलत नाही, हरकत घेत नाही. वर्षभर एकमेकांचे कागद फाडणारे त्या दिवशी भाऊ-भाऊ. जाणारा माणूस जे बोलेल त्यावर बाकं वाजवायची, ही रीत.

ताईनं दोन पानांचं आभाराचं भाषण टाइप करून दिलं. आम्ही दोघं गॅलरीत बसलो. आबा उभा राहिला. कागद काढलाच नाही.

सभापतींचे आभार मानले. टिपणं घेणाऱ्यांचे मानले, "माझं लाल पेन सहन केल्याबद्दल." कँटीनवाल्याचे मानले. मग जरा थांबला आणि म्हणाला, "आणि सर्वांत मोठे आभार आपल्या बांधकाम मंत्र्यांचे. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या नाल्यावर पूल व्हावा म्हणून सहा वर्षं मी यांच्या मागे लागलो होतो. सभापती महोदय, सांगायला आनंद वाटतो, की तो पूल त्यांनी मंजूर केला. चांगला उंच पूल. पलीकडे माझी थोरली बहीण आहे, ऐंशी पार केलेली. ती कोरड्या पायानं माझ्या घरी येईल. एका मास्तराला याहून मोठा निरोप काय असतो? मी या सभागृहासमोर मंत्रिमहोदयांना हात जोडतो."

आणि खरोखर हात जोडून उभा राहिला.

मोरेताईनं माझं मनगट घट्ट धरलं. "नाना, मंजुरी कधी आली? फाइल तर काल संध्याकाळपर्यंत खालच्या टेबलावरच होती!"

"कसली मंजुरी, ताई!"

अहो, या माणसानं चाळीस वर्षांत एक खोटी हजेरी लावली नाही. पोटच्या पोराला एका मार्कानं नापास केलं, बायको आठ दिवस बोलली नाही तरी तो मार्क दिला नाही!

खाली कुठंतरी एक बाक वाजलं. मग दुसरं. मग दोन्ही बाजूंची सगळी बाकं. थांबेचनात. सभापती म्हणाले, "अत्यंत स्तुत्य! सभागृह मंत्रिमहोदयांचं अभिनंदन करतं." टिपणं घेणाऱ्यांच्या माना खाली, पेनं भराभर चाललेली.

मंत्री अर्धे उठले. तोंड उघडलं. एकदा सभापतींकडे बघितलं, एकदा विरोधकांकडे. मग हात जोडून उभ्या असलेल्या आबाकडे बघितलं. तोंड मिटलं. बसले.

सभागृह संपल्यावर आम्ही पायऱ्यांवर आबाची वाट बघत होतो. आबा बाहेर आला, पिशवी काखेत. मागून मंत्री भराभर पायऱ्या उतरत आले, बरोबरच्या लोकांना हातानं मागेच थांबवून. आबाचा दंड धरला आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, तुमच्यासमोर खोटं बोलवत नाही. मला खरंच आठवत नाही हो. तो पूल मी मंजूर केला कधी?"

आबानं घड्याळ बघितलं.

"आत्ता. पावणेबाराला. पहिलं बाक तुम्हीच वाजवलंत."